यंत्रांतला तारपा

गेल्या वैशाखांत मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या बहिणीचें लग्न होतें, आणि त्या निमित्तानें पुष्कळ वर्षांनीं त्या मुलखांत रात्र काढण्याचा योग आम्हांस आला. जव्हार मागें टाकल्यावर मोखाड्याची सडक डोंगराच्या कडेकडेनें जाते. अंधार पडला कीं दरी दिसत नाहीं, ऐकूं मात्र येते. शेवटच्या वळणावर मोटार सोडून आम्ही पायीं उतरूं लागलों, तों खालून तारप्याचा सूर कानीं आला. तोच तो घोगरा, न तुटणारा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमणारा सूर! आमचीं पावलें आपोआप झपाझप पडूं लागलीं. तारपा हा पावसाळा ओसरतांना, भात पिकावर आलें म्हणजे वाजूं लागावयाचा. ऐन वैशाखांत तो कसा, ही शंका मनांत आली खरी, पण त्या वेळीं आम्हीं तिला दाद दिली नाहीं.

मांडवाजवळ पोंचतांच शंकेचें निरसन झालें. तारपा नव्हताच. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा लोखंडी घोडीवर ठेवलेल्या की-बोर्डासमोर उभा होता. त्याच्या शेजारीं दुसरा एक ऑक्टोपॅडाच्या रबरी चौकोनांवर काठ्या आपटीत होता. आणि दोघांच्या मागें पुरुषभर उंचीचे ध्वनिवर्धकांचे खोके रचलेले होते. शेताच्या बांधावर जनरेटर धडधडत होता. आम्हांस वाटलें, हा सरळ सरळ फसवणुकीचा प्रकार झाला. मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या आम्हीं मनांत एक लेखहि रचून काढला. त्यांत ‘यंत्रयुग’, ‘ऱ्हास’, ‘अखेरची घरघर’ असे सगळे ठरीव शब्द यथास्थित होते. प्रस्तुत लेख तो नव्हे. आमचा तो लेख पुरा होण्याच्या आंतच चार-पांच म्हाताऱ्या बाया पुढें आल्या, त्यांनीं एकमेकींच्या कमरेंत हात गुंफले आणि त्या नाचूं लागल्या. पाऊल तेंच होतें, जें आम्हीं तीस वर्षांपूर्वीं जव्हारजवळच्या एका पाड्यावर खऱ्या तारप्यासमोर पाहिलें होतें. त्यांना कोणी फसविलें नव्हतें. समोर काय वाजत आहे हें त्यांना आमच्यापेक्षां पुष्कळ चांगलें कळत होतें, आणि तरी त्या नाचत होत्या.

पुण्यामुंबईच्या बहुतेक वाचकांची तारप्याशीं ओळख वारली चित्रांतून झालेली असते. त्यांच्यासाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. वाळवून पोखरलेला दुध्या भोपळा हें या वाद्याचें पोट. त्यांत बसविलेल्या दोन नळ्या, नळ्यांत कंप पावणाऱ्या जिभा, आणि पुढें ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणानें बुजविलेले. सगळें सामान परसांतलें नाहीं तर रानांतलें. कोणताहि भोपळा दुसऱ्यासारखा वाढत नाहीं, म्हणून कोणताहि तारपा दुसऱ्यासारखा वाजत नाहीं. आपण ज्याला पट्टी म्हणतों ती येथें वादकाच्या आधीं वेलानें ठरविलेली असते. फुंक तोंडानें आणि श्वास नाकानें, अशीं दोन्ही कामें एकाच वेळीं चालतात. गालांचा भाता होतो, आणि त्यामुळें सूर तासच्या तास तुटत नाहीं. गारुड्याच्या पुंगीशीं याचें नातें उघड आहे, तरी याचा आवाका कितीतरी मोठा.

वाद्याहूनहि महत्त्वाची आहे ती मांडणी. वादक मध्यें असतो. त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुषांचें कडें फिरतें. एकजण घुंगुरकाठी जमिनीवर आपटून ठेका देतो. तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं असा दंडक आहे. वादकानें चाल बदलली कीं पावलें बदलतात, आणि पावलें थकलीं कीं वादक चाल बदलतो. आधीं कोण आणि मागून कोण हें पाहणाऱ्यास सांगतां येत नाहीं. ज्याला आपण श्रोता म्हणतों, तो तिकीट काढून खुर्चींत बसलेला माणूस, त्याला या रचनेंत जागाच ठेवलेली नाहीं. आम्ही तीस वर्षांपूर्वीं कड्याबाहेर उभे होतों तेव्हां हेंच जाणवून ओशाळलों होतों. जव्हार तालुक्यांतील वाळवंडे येथील नव्वदीच्या घरांतले भिकल्या लडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां शहरांतल्या वर्तमानपत्रांनीं त्यांची छायाचित्रें छापलीं. त्यांत त्यांच्या हातीं तारपा होता, पण भोंवतालचें कडें कोठून येणार? गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं तें कडें कागदावर आणलें. मशे यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातच्या त्या पांढऱ्या आवर्तांत तारपावादक किती नेमका बसे हें सर्वांस ठाऊक आहे. तारप्याची आकृति आज पिशव्यांवर, पेल्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर झळकते. तिला आवाज मात्र नाहीं, आणि तो नसल्याची उणीवहि कोणास भासलेली नाहीं. आवाज निराळ्या वाटेनें गेला.

ती वाट अशी. कोणी एकजण एखाद्या वादकाकडून तारप्याचे सुटे सूर वाजवून घेतो व ते ध्वनिमुद्रित करतो. संगणकावर त्या सुरांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचा मधला, ओघांतला भाग टोंकास टोंक जुळवून असा बांधतात, कीं कळ दाबून ठेवावी तोंवर तो गरगर फिरत राहावा. मग तो सूर ताणून अथवा आंखडून बाराहि स्वरांवर पसरवितात. धंद्यांत याला ‘टोन’ म्हणतात. हा टोन पेन-ड्राइव्हवरून हातोहात विकला जातो, आणि ज्याच्या बोटांनीं जन्मांत भोपळ्याला स्पर्श केला नाहीं त्याच्याहि बोटांखालीं तारपा बोलूं लागतो. ऑक्टोपॅडावरचा ढोल, थाळी आणि घुंगुरकाठी हींहि अशींच जन्मलेलीं.

याच्या पूर्वींची पायरी बेंजोची. जपानांत नागोयाला १९१२ सालीं मोरिता गोरो यानें टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून एक तंतुवाद्य सिद्ध केलें. तें हिंदुस्थानांत येऊन ‘बुलबुलतरंग’ झालें, आणि आपल्या कोंकणपट्टींत त्याला विजेचा कान व लोखंडी कर्णा मिळून तें वरातींचा राजा बनलें. त्याच्या कर्कशपणाविषयीं आमचें मत आम्ही येथें राखून ठेवतों. पण बेंजो कितीहि कर्कश असला तरी त्याच्या तारेवर माणसाचाच आघात होई, आणि जो आघात होई तोच ऐकूं येई. पुढें १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून ‘मिडी’ नांवाची एक सांकेतिक भाषा ठरली. या भाषेची गंमत अशी कीं तींत सूर नसतोच. कोणती कळ, किती जोरानें, किती वेळ दाबली, एवढीच तींत नोंद. त्या नोंदीवरून सतार वाजवावी, तारपा वाजवावा कीं कुत्र्याचें भुंकणें, हें मागाहून ठरवितां येतें. वाजविणें आणि वाजणें या दोन क्रिया भोपळ्यांत एकजीव होत्या. येथें त्या कायमच्या विलग झाल्या. विजेच्या यंत्रांनीं संगीताच्या घडणींत जे फेरफार केले, त्यांत आमच्या मतें हा सर्वांत मोठा, आणि आवाज वाढला, गति वाढली, खर्च उतरला हे सारे त्याच्यामागून येणारे.

त्या रात्रीं आम्हीं कान देऊन ऐकलें. की-बोर्डांतला सूर दर दोन-तीन सेकंदांनीं त्याच जागीं त्याच थरथरीनें परत येई. खऱ्या तारप्याचा सूरहि अखंड असतो, पण एकसारखा कधींच नसतो. वादक नाकानें श्वास घेतो त्या क्षणीं सूर किंचित् ढळतो, भाता दाबला कीं किंचित् फुगतो. कानाला हें फारसें कळत नाहीं. पायांना कळतें. नाचणाऱ्यांचें पाऊल त्या ढळण्याफुगण्यावर टेकलेलें असतें, असें आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें, आणि तो स्वतः त्या कड्यांत वाढलेला असल्यामुळें आम्ही तें मान्य करतों. यंत्रानें तो आधार काढून घेतला व त्या जागीं ऑक्टोपॅडाचा ठोका ठेवला. पावलाला आधार मिळाला, पण तो न वांकणारा. कडेंहि कडें राहिलें नव्हतें. खोके एका बाजूला, म्हणून तरुण मंडळी त्यांच्याकडे तोंड करून चंद्रकोरीसारखी उभी. मध्यें कोणीच नाहीं. म्हाताऱ्या बाया तेवढ्या कोपऱ्यांत आपलें लहानसें वर्तुळ फिरवीत होत्या, आणि त्यांच्या वर्तुळाच्या मध्यभागीं पाण्याचें पिंप होतें.

एवढें सगळें पाहून तक्रार करावयास आम्ही मोकळे झालों असें वाटेल. पण ही तक्रार करण्याचा आमचा अधिकार कितपत? आमच्या घरीं रोज पहांटे विजेवर चालणारा तंबोरा लावलेला असतो. मिरजेच्या कारागिरानें भोपळ्यावर उभा केलेला तंबोरा कोपऱ्यांत गवसणी घालून ठेवला आहे. तो जुळवावयास वेळ लागतो, पावसाळ्यांत तो उतरतो, आणि बाजूस बसून तो छेडावयास घरांत कोणी मोकळें नसतें. त्या खोक्यांतहि एक आवर्तन बांधलेलें आहे व तें रात्रंदिवस त्याच थरथरीनें फिरतें. तंबोऱ्याचा भोपळा गेला तर ती सोय, आणि तारप्याचा गेला तर तो ऱ्हास, हा न्याय कोणत्या गांवचा?

आपल्या सुशिक्षित वर्गाचा इतिहास या बाबतींत फारसा अभिमानास्पद नाहीं. १९०२ सालीं गैसबर्ग साहेब कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें मेणाच्या तबकडींत उतरवून घेऊन गेला, तेव्हां तीन मिनिटांत राग बसवावयाचा म्हणजे काय, असा प्रश्न अनेकांस पडला असेल. पुढें अब्दुल करीमखांच्या तशाच लहान तबकड्या जपून ठेवण्यांत त्यांच्याच नातवंडांनीं आयुष्यें घालविलीं. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणांत विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू गळ्यालाहि गातां येऊं लागलें. नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेंकण्याची जरूर ज्याला नाहीं, असा गायक त्यापूर्वीं संभवतच नव्हता. मायक्रोफोनावांचून मराठी भावगीत जन्मासच आलें नसतें, असें आम्ही म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. उलट पक्षीं, १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला बंदी केली, ती सुमारें तीस वर्षें टिकली. पेटीचे बांधलेले स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत व तिच्यावर मींड निघत नाहीं, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. आणि तरी गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्यांनीं ऐकली, त्यांना तो आक्षेप ऐकतां ऐकतां आठवला असेल असें वाटत नाहीं. शास्त्र खोटें नव्हतें. पण वाद्याच्या उणिवा कोठें लपवाव्या, कोठें ओलांडाव्या हें वादक शिकला, आणि बंदी घालणारांनीं त्या शिकण्याचा हिशेब धरला नव्हता.

अलीकडचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. १९६९ सालीं अमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत अमेरिकेहून मूग याचें सिंथेसायझर आणून बसविण्यांत आलें, आणि कांहीं हौशी व विद्वान् मंडळींनीं त्यावर प्रयोग केले. तो सर्व प्रकार चार भिंतींच्या आंत राहिला व अर्धशतकानें ध्वनिफितींच्या रूपानें बाहेर आला. १९८२ सालीं मुंबईचे चरणजित सिंग या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणाऱ्या वादकानें जपानी रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें घेऊन दहा राग त्यांवर बसविले व खालीं डिस्कोचा ठेका धरला. तबकडी निघाली आणि कोणी फारशी विचारली नाहीं. पुढें पंचवीस-तीस वर्षांनीं पाश्चात्य संग्राहकांच्या हातीं ती लागली, आणि शिकागोंत जें संगीत पुढें नांवारूपास आलें त्याच्या आधीं हा मुंबईकर तेथें पोंचला होता, अशी वाहवा सुरू झाली. आम्हींहि ती तबकडी त्यानंतरच ऐकली, हें कबूल केलें पाहिजे. ती ऐकून आम्हांस तींत धाडस दिसलें. मग मोखाड्याचा मुलगा त्याच कंपनीच्या यंत्रावर तारपा बसवितो तेव्हां त्यांत केवळ हलकेपणा कां दिसावा? भैरव हा आमचा, आणि तारपा त्यांचा, एवढ्यावरून तर नव्हे?

आमच्या वर्गांत आम्ही दरवर्षीं वर्डस्वर्थची शेतांत एकटीच गाणाऱ्या त्या डोंगराळ मुलीवरची कविता शिकवितों. १८०७ सालीं छापली गेलेली ही कविता कवीनें स्वतः ऐकलेल्या गाण्यावरून लिहिली, असें विद्यार्थी सदैव समजतात. वस्तुतः ती विल्किन्सन नांवाच्या मित्राच्या हस्तलिखित प्रवासवर्णनांतील एका वाक्यावरून सुचली, असें कवीनेंच नमूद करून ठेविलें आहे. गाणें दुसऱ्याच्या कानांतून, कागदावरून आलें, आणि तरी कविता खोटी ठरली नाहीं. उसनें घेतलें कीं सगळें बुडालें असें नसतें. उसनें काय घेतलें, त्याचें काय केलें आणि तें कोणाचें हें सांगितलें कीं नाहीं, हे प्रश्न निराळे आहेत.

तारपा कां थांबत चालला आहे, याचा विचार करतांना की-बोर्डाकडे बोट दाखविणें सोपें आहे. पण तारखा जुळत नाहींत. की-बोर्ड त्या डोंगरांत आला तो अगदीं अलीकडे. त्याच्या कितीतरी आधींपासून दिवाळी झाली कीं या दोन्ही तालुक्यांतले पाडे रिकामे होतात. भात घरांत पडतें न पडतें तोंच माणसें भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, तीं बहुतेक पावसाच्या तोंडावर परततात. नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी वस्ती असलेले हे तालुके. १९९२-९३ सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळें जव्हारचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ऐकूं गेलें, आणि नंतर सवयीनें तें ऐकूं येईनासें झालें. वीस-तीस माणसांचें कडें असल्यावांचून तारप्याला अर्थ नाहीं. भट्टीवर चार झोंपड्या, चार निराळ्या गांवांच्या. तेथें भोपळा नेऊन करावयाचें काय? जो मुलगा आठव्या वर्षापासून भट्टीवर विटा उलथींत बसला, तो गाल फुगवून श्वास कसा फिरवावा हें कोणाजवळ बसून शिकणार? पण खिशांतल्या फोनांत गाणें मावतें. भट्टीवर संध्याकाळीं दहा रुपयांच्या चिवड्याबरोबर तें वाजतें. त्या रात्रीं की-बोर्ड वाजविणारा मुलगा अशाच एका भट्टीवर वाढला, हें आम्हांस मागाहून कळलें. यंत्रानें त्याच्यापासून तारपा हिरावून घेतला असें म्हणवत नाहीं, कारण तो त्याच्या हातीं कधीं आलाच नव्हता. यंत्रांतला तारपा हाच त्याचा पहिला तारपा.

शिवाय आणखी एक गोष्ट. आम्ही पूर्वीं जव्हारकडे जात असूं तेव्हां लग्नांतल्या कर्ण्यांवरून हिंदी चित्रपटांतलीं गाणीं लागत, दुसरें कांहीं नाहीं. त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी हे गिऱ्हाइक म्हणून ठाऊकच नव्हते. आतां दहा बाय दहाच्या खोलींत, अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवून, एक संगणक व एक मायक्रोफोन यांवर त्यांच्या स्वतःच्या बोलींत गाणीं तयार होतात आणि फोनावरून डोंगर ओलांडून सुरगाण्यापर्यंत जातात. त्यांतलीं बरींचशीं सामान्य आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्यांत नवरीला जी हांक मारली जाते ती तिच्या घरांतलीच असते.

लग्नाच्या रात्रीं याचीहि दुसरी बाजू दिसली. वारली लग्न लावते ती धवलेरी. विधीचीं गाणीं तिच्या मुखीं असतात व त्यांवांचून लग्न लागत नाहीं. ती म्हातारी ध्वनिवर्धकांच्या गडगडाटांत गात होती, आणि ओंठ हलतांना तेवढे दिसत होते. रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे. पाड्यावर तो पोलिसांपेक्षां जनरेटरच्या डिझेलानें अधिक पाळला जातो. साडेअकराच्या सुमारास डिझेल संपलें, खोके गप्प झाले, आणि मग धवलेरीचा आवाज एकदम आमच्या हाताशीं आला, जसा कोणी अंधारांत दिवा पुढें करावा तसा. की-बोर्डवाला मुलगा तेथेंच खालीं बसला व इतर बायांच्या मागून ओळी म्हणूं लागला. त्याला त्या पाठ होत्या.

तेव्हां यंत्र हवें कीं नको, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. यंत्रावर केलेल्या कृतींत चांगली कोणती व वाईट कोणती, हें निवडण्याची जबाबदारी टीकाकारावर आहे, आणि ती आम्हीं आजवर टाळली. यंत्रांतल्या तारप्याचीं जीं गाणीं आम्हीं गेल्या कांहीं महिन्यांत ऐकलीं, त्यांतलीं दहांपैकीं आठ एकाच सांच्यांतलीं. प्रारंभीं तारप्याचा एक तुकडा, तो चार वेळां. मग खालीं बरगड्या हलविणारा ठोका. मग पुरुषाचा आवाज, यंत्रानें सरळ करून घेतलेला. चार मिनिटांत खेळ आटोपला. तारपा त्यांत वाद्य म्हणून नसून शिक्का म्हणून आहे. ‘हें आदिवासी’ एवढें सांगून त्याचें काम संपतें. याच्याशीं आमचें भांडण आहे, आणि तें आम्ही पुण्याच्या चित्रपटसंगीतकाराशींहि असेंच भांडलों असतों.

याउलट आमच्या त्या विद्यार्थ्याची एक कृति. तो आतां आश्रमशाळेंत शिक्षक आहे. वाघबारशीच्या रात्रीं त्यानें आपल्या मामाचा तारपा फोनावर ध्वनिमुद्रित केला व सुटींत त्यावर काम करून अकरा मिनिटांची एक चीज सिद्ध केली. प्रथमारंभीं मामा नुसती जीभ जुळवून पाहतो. फुरफुर होते, सूर धरतो, सुटतो, पुन्हां धरतो. दुसऱ्या कोणींहि हीं दोन मिनिटें कापलीं असतीं. यानें तीं ठेविलीं, आणि त्यामुळें पुढें सूर लागतो तेव्हां ऐकणाराहि सुस्कारा टाकतो. ढोल त्यानें यंत्रांतलाच घेतला. पण यंत्राचा ठोका आंधळेपणानें चालूं न देतां, घुंगुरकाठी जेथें जेथें पडली तेथें तेथें एकेक ठोका हातानें सरकवून बसविला. असे कित्येक शें ठोके. त्यामुळें नाचणारांनीं वेग घेतला कीं यंत्र वेग घेतें, ते रेंगाळले कीं तेंहि रेंगाळतें. न वांकणारें यंत्र येथें वांकलें आहे. भुईवर पडणाऱ्या अनवाणी पावलांचा आवाज त्यानें गाळला नाहीं. तो ढोलाखालीं ऐकूं येतो, आणि साऱ्या कृतींत आम्हांस अत्यंत आवडलेला भाग हाच. दोषहि सांगितले पाहिजेत. शेवटच्या दीड मिनिटांत त्यानें मागें व्हायोलिनांचा एक लोंढा सोडला आहे व सगळ्याला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा दिला आहे. तारपा उघड्या आभाळाखालीं वाजतो. त्याला गाभारा कशाला? आम्हीं तसें त्याला लिहून कळविलें. तो म्हणाला, ‘सर, तेवढें शहरांतल्या लोकांसाठीं आहे.’ आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण त्याच्यासमोर शहरांतले लोक म्हणजे आम्हीच होतों.

मामाशीं बोलावें म्हणून मध्यंतरीं त्यानें फोन जोडून दिला होता. मामानें बोलण्याऐवजीं तारपाच तोंडाला लावला. आमच्या कानीं आला तो तुटक तुटक, बुडतां बुडतां वर येणाऱ्या माणसासारखा. आम्हांस प्रथम वाटलें, म्हाताऱ्याचा श्वास आतां पुरत नसावा, आणि मनांत चर्र झालें. विद्यार्थ्यानें खुलासा केला कीं श्वास उत्तम आहे, दोष फोनाचा. बोलणें स्पष्ट ऐकूं जावें म्हणून एकसारखा चालणारा आवाज हा गोंगाट समजून गाळावा, अशी त्या यंत्राची योजना असते. पंखा, मोटारीची घरघर, आणि तारपा.

त्या लग्नाच्या रात्रीं निघण्यापूर्वीं आम्हीं की-बोर्डवाल्या मुलाला एक प्रश्न विचारला होता. तुझ्या यंत्रांत जो तारपा आहे तो मुळांत वाजविला कोणीं? गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटीं इंग्रजींत आपलें नांव पुकारी. तबकड्या जर्मनींत छापावयाच्या, तेथल्या कामगारांस चिठ्ठीवर कोणाचें नांव घालावें हें कळावें म्हणून ती रीत होती असें सांगतात. त्यामुळें तिचें नांव तिच्या सुरांतच राहिलें. या टोनाला नांव कोणाचें? मुलगा गोंधळला. असा प्रश्न त्याला कोणीं केला नव्हता. त्यानें तो टोन तलासरीकडच्या एकाकडून घेतला, त्यानें आणखी कोणाकडून. तीन हजार रुपयांत तारपा, ढोल, थाळी, सगळें मिळून. विचारून सांगतों, म्हणाला, आणि आमचा नंबर त्यानें लिहून घेतला. पावसाळा लागला तेव्हां त्याचा निरोप आला, कीं तलासरीवाल्यालाहि ठाऊक नाहीं, पण ज्यानें त्याला टोन दिला तो डहाणूस असतो, व भात लावून झालें कीं तो स्वतः जाऊन भेटणार आहे.